चौदा सिलिंडर

साखरी नाट्याच्या जेटीवर बोटीची ओळख सिलिंडरवरून.
ती दोनवाली. तो सहावाला आला का?
नाळेवर नाव रंगवलेलं असतं, चांदतारा, हिरवी वेल,
हाक मारताना कोणी ते वाचत नाही.

त्या सकाळी अस्लम होडेकराच्या जाळ्यात
म्हाकुळ कमी, लोखंड जास्त.
जाळं फाटलं म्हणून शिव्या, मग दोरखंड, मग सहा माणसं,
आणि हातगाडीवरून आमच्या वर्कशॉपात
कालवांनी मढलेला एक गोळा.
"मजीदमामू, हे कुठल्या बोटीचं?"

मामूंनी चष्मा लुंगीला पुसला.
जुहूच्या धावपट्टीवर सव्वीस वर्षं
छोट्या विमानांच्या पोटात हात घालून झालेले;
डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून काळं.
"बोटीचं नाही," म्हणाले. "रॉकेल आण."

मी ओतत गेले, ते ब्रश फिरवत गेले.
आधी कालवं सुटली, मग मीठ, मग एक पट्टी:
आर, आडवी रेघ, एक, आठ.
पुढचं समुद्रानं खाल्लेलं.

"आर म्हणजे रेडियल. मध्ये दांडा, भोवती सिलिंडर,
घेर धरून बसलेले.
ओ असता तर समोरासमोर,
दस्तरखानाच्या दोन बाजूंना दोघे भाऊ बसावेत तसे.
आय म्हणजे पेट्रोल टोचून देतात. टी टर्बो. जी गिअर.
एकाचं नाव होतं जीटीएसआयओ पाचशे वीस,
लग्नपत्रिकेतला खोतच तो,
आधी सगळ्या पदव्या, मूळ माणूस शेवटी.
विलायतेत इंजिनांना ससाण्यांची नावं, ग्रहांची नावं.
ऐकायला ऐटदार. पण पान्याला काय कळणार त्यातून?"

"आणि आकडा?"

"आकडा पोकळीचा.
सगळे दट्टे एकेकदा वरून खाली आले
की जेवढी जागा मोकळी होते, तेवढे घनइंच.
लोखंड किती का असेना,
नाव रिकाम्या जागेचं."

मी मोजायला वाकले.
पुढच्या घेरात सात. दोन बुंध्यापासून तुटलेले, तरी सात.
मागे चिखलात आणखी सात.
"चौदा ना? मग अठराशे तीस.
एकाच घेरात नऊ निघाले असते तर अठराशे वीस म्हटलं असतं."

घेरात नेहमी विषमच का, हे आयटीआयत कोणी सांगितलं नव्हतं.
मामूंनी बाकावर बोट आपटलं:
एक, तीन, पाच, सात, दोन, चार, सहा.
"एक सोडून एक पेटायचं.
विषम असले की दुसऱ्या फेरीत राहिलेल्यांना वाटा मिळतो.
सम असले तर अर्धे जन्मभर उपाशी."

रात्री मी एकटीनं एक सिलिंडर उपसला.
दट्टा पार तळाशी चिकटलेला,
वर गाळ, आणि गाळात एक बोटभर कुर्ली, जिवंत,
माझ्यावर नांग्या उगारून.
डिझेलच्या मापानं भरला: अडीच लिटर.
हिशेब जास्त येत होता.
"येणारच," मामू झोपेतून उठून म्हणाले,
"डोक्याशी थोडी जागा असते, ठिणगी पडते ती.
ती नावात धरत नाहीत."

वर्कशॉपच्या वहीत त्यांनी नोंद केली, इतर सगळ्यांसारखीच:
इंजिन आर-१८३०. तक्रार, पाणी शिरलं.
आणणारा, अ. होडेकर.
मालकाच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं,
मग त्यांनी टोपण लावलं.

पोलीस आले. पंचनाम्यात लिहिलं:
विमानाचे वाटणारे यंत्र, गंजलेले, नग एक.
टेम्पोनं ते राजापूरला गेलं, पुढे कुठे ते माहीत नाही.
कुर्ली मी जेटीवरून सोडली होती.

जाळं फाटलं त्या जागेला आधी नाव नव्हतं.
खडप नाही, भर नाही, नुसतं पाणी, बावीस वाव.
काल वायरलेसवर अस्लमचा आवाज खरखरत आला:
"चौदाच्या दक्षिणेला बांगडा आहे रे, भरपूर.
जाळं जरा वर धरा."